एक पूर्णांक सत्त्याहत्तर शतांश

फेब्रुवारीत तार्तूमध्ये
माणसं नदीवरून चालतात आणि नदी खालून.
बाहेर उणे अठरा.
तळघरात मी, क्ष-किरणांचं यंत्र,
आणि त्याच्या पंख्याची रात्रभराची कुरकुर.

साडेनऊला विर्वे कांग्रो आली
टोपीवरचा बर्फ न झटकताच.
मुठीत एक कुपी,
नाताळच्या सुट्टीत खिडकीपाशी विसरलेली.
तळाशी स्फटिक, साखरेच्या दाण्याहून बारीक.
तीन वर्षं मागे लागून आले नाहीत,
कोणी बघत नव्हतं तेव्हा आले.

"यातले दोन कार्बन जरा जास्तच लांब आहेत," ती म्हणाली.
मग म्हणाली, "असावेत."

एक दाणा तेलात बुडवून
नायलॉनच्या फासात उचलला,
नायट्रोजनच्या थंड झोतात धरला.
यंत्र त्याला तसूतसूने फिरवू लागलं.

कार्बन-कार्बन, नेहमीचं अंतर
एक पूर्णांक चोपन्न शतांश अँगस्ट्रॉम.
शाळेत ती एक आडवी रेघ होती.
बाई पट्टीने आखायच्या,
आणि मला कितीतरी वर्षं वाटायचं
की रेणूच्या आत खरंच काड्या असतात,
मोडल्या तर आवाज होईल.

इथे काडी दिसत नाही.
इथे इलेक्ट्रॉनांचा नकाशा उमटतो:
दोन डोंगर, आणि मधे खिंड.
खिंडीत थोडं धुकं.
ते धुकं म्हणजे बंध.
आमच्या देशात नाव घेण्याजोगा डोंगर नाही,
म्हणून असेल,
मला हे नकाशे घरी न्यावेसे वाटतात.

पहाटे पाचला आकडा आला.
एक पूर्णांक सत्त्याहत्तर.
विर्वेने चष्मा पुसला, पुन्हा वाचला.
वरच्या मजल्यावर ओस्करच्या गणितात
हा बंध केव्हाच तुटला होता.

मग कशावर टिकलाय?
तिने काळ्या पावाच्या पिशवीवरच चित्र काढलं.
दोन्ही कार्बनांवर तिने जाडजूड गट चढवलेत,
हिवाळी कोटांसारखे.
त्यांच्या गर्दीनेच दोघे लांब रेटले गेले.
आणि त्याच कोटांच्या कडा
बाहेरच्या बाहेर एकमेकींना ओढतात,
इतक्या हलक्या
की एकेक ओढ हिशेबात धरायची लाज वाटावी.
पण त्या शेकड्यांनी आहेत.
रेटणारे तेच, धरून ठेवणारे तेच.

मी म्हटलं, म्हणजे आपल्या घरांसारखंच...

"नको," ती म्हणाली. "नातीगोती इथे आणू नकोस.
माझा घटस्फोट झाला तेव्हा
एका प्राध्यापकाने मला बंधांवर भाषण दिलं होतं.
रेणूला काही वाटत नाही.
म्हणून तर त्याच्याशी खरं बोलता येतं."

मग उरलेले स्फटिक तिने टोल्युईनमध्ये विरघळवले,
नळीतली हवा काढून तोंड वितळवून बंद केलं,
आणि चहासाठी ठेवलेल्या किटलीच्या पाण्यात
ती नळी सोडली.
आधी काहीच नाही.
मग गुलाबी. मग बिटाच्या सूपासारखी लाल.
"सुटले," ती म्हणाली, आवाज न चढवता.
प्रत्येक अर्ध्याकडे आता एकेकटा इलेक्ट्रॉन.

नळी खिडकीच्या कडेवर ठेवली, काचेला टेकवून.
आम्ही कोट घालून उभे राहिलो.
लाल उतरत गेला, गुलाबीही गेला,
आणि नळीतून पलीकडचा गोठलेला पूल
स्वच्छ दिसू लागला.

मी विचारलं, तेच दोघे परत आले,
की कोणी कोणाचा अर्धा उचलला?
विर्वे बराच वेळ नळीकडे बघत होती.
"इलेक्ट्रॉनांना नावं नसतात," ती म्हणाली,
"आणि अर्ध्यांना मी दिली नाहीत."

मग वहीत तारीख घातली,
रंग लिहिले, तापमान लिहिलं,
आणि दोन कार्बनांच्या मधे
पट्टी न लावता
एक रेघ काढली,
नेहमीपेक्षा थोडी लांब.